एचआयव्हीची पहिली चाचणी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ : खोट्या पॉझिटिव्ह निष्कर्षामागचे गणित आणि विज्ञान

बेंगळुरू : प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘एचआयव्ही १ व २ – रिअ‍ॅक्टिव्ह’ असा शेरा आला, तर ती व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे असे सिद्ध होत नाही. त्या रक्तनमुन्याची आणखी तपासणी करावी लागेल, एवढेच त्यावरून ठरते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) मार्गदर्शक सूचनांनुसार, कोणतीही लक्षणे नसलेल्या व्यक्तीला बाधित ठरविण्यासाठी तीन वेगवेगळ्या चाचण्यांचा निष्कर्ष एकसारखा यावा लागतो. व्यवहारात मात्र पहिल्याच चाचणीचा कागद रुग्णाच्या, त्याच्या नातेवाइकांच्या आणि प्रसंगी कार्यालयातील वरिष्ठांच्याही हाती पडतो. उरलेल्या दोन चाचण्या होईपर्यंत घरात जे घडायचे ते घडून गेलेले असते.

ऑगस्ट २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात अशाच एका प्रकरणाने देशाचे लक्ष वेधले. एका तरुण विवाहितेला खासगी रुग्णालयातील तपासणीवरून एचआयव्हीबाधित असल्याचे सांगण्यात आले. पुढे शिमल्यातील सरकारी रुग्णालयात केलेल्या तपासणीत तिला संसर्ग नसल्याचे आढळले. दरम्यान ती कोमात गेली आणि तिचा मृत्यू झाला. अहवालाच्या धक्क्यानेच हे घडले, असा कुटुंबीयांचा आरोप होता. प्रकरण विधानसभेत उपस्थित झाले आणि चौकशीचे आदेश देण्यात आले. मृत्यूचे वैद्यकीय कारण काहीही असो, एका अपुऱ्या तपासणीचा निष्कर्ष अंतिम निदान म्हणून सांगितला गेला, ही या प्रकरणातील मूळ बाब होती.

चाळणी आणि निदान

एचआयव्हीच्या प्राथमिक चाचणीला तज्ज्ञ ‘चाळणी चाचणी’ म्हणतात. हा शब्द अगदी नेमका आहे. धान्य चाळताना एकही दाणा वाया जाऊ नये, अशी चाळणी आपण निवडतो. मग दाण्यांसोबत थोडे खडे राहिले तरी चालतात, कारण ते नंतर हाताने निवडता येतात. प्राथमिक चाचणीची रचनाही याच तत्त्वावर केलेली असते. एकही बाधित नमुना सुटू नये, यासाठी ती अतिशय संवेदनशील ठेवलेली असते. त्यामुळे संसर्ग नसलेले काही नमुनेही तिच्यात अडकतात. ते अडकणे हा चाचणीचा बिघाड नाही. पुढची निवड न करता चाळणीवर राहिलेले सगळे दाणे समजणे, ही चूक आहे आणि ती माणसे करतात.

येथे शब्दांचा एक घोळही लक्षात घ्यावा लागेल. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा एका चाचणीचा निष्कर्ष असतो, तर ‘पॉझिटिव्ह’ हे ठरविलेल्या सर्व चाचण्या पूर्ण झाल्यानंतरचे निदान असते. बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात. आम्ही वृत्तसेवेतील मंडळीही या घोळातून सुटलेलो नाही. कोविडच्या काळात ‘अहवाल सकारात्मक’ असे शब्दशः भाषांतर मराठी बातम्यांतून सर्रास छापले गेले आणि वाचकांनी त्यावर विनोदही केले. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र हा शब्दभेद विनोदावर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

चाचणीचे गुण दोन आकड्यांत सांगितले जातात. बाधित व्यक्तींपैकी किती जणांना चाचणी ओळखते, हे संवेदनशीलतेवरून कळते. बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना ती योग्यरीत्या वगळते, हे विशिष्टतेवरून कळते. जागतिक आरोग्य संघटना जलद चाचण्यांना मान्यता देताना किमान ९९ टक्के संवेदनशीलता आणि ९८ टक्के विशिष्टता अपेक्षित धरते. आकडे एवढे भरभक्कम असताना चूक कितीशी होणार, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर हे आकडे एकत्र मांडल्यावर मिळते.

दहा हजार माणसांचा हिशेब

भारतात प्रौढ लोकसंख्येतील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. सर्वसाधारण जनतेतील १०,००० माणसांची तपासणी केली, तर त्यांत सुमारे २० जण खरोखर बाधित असतील. चांगली चाचणी या विसांनाही पकडेल. उरलेल्या ९,९८० जणांना संसर्ग नाही. चाचणीची विशिष्टता ९९ टक्के धरली, तर यांपैकी एक टक्का, म्हणजे जवळजवळ १०० जणांचे नमुनेही रिअ‍ॅक्टिव्ह दिसतील. एकूण १२० रिअ‍ॅक्टिव्ह अहवाल आणि त्यांत खरे बाधित २०. याचा अर्थ, असा कागद हाती आलेल्या दर सहा जणांपैकी पाच जणांना एचआयव्ही नाही. चाचणी ९९ टक्के अचूक असूनही हे घडते.

आता हीच चाचणी, त्याच कंपनीचा संच आणि तोच तंत्रज्ञ घेऊन संसर्गाचे प्रमाण १० टक्के असलेल्या गटात जाऊ. तेथे १०,००० पैकी १,००० बाधित असतील आणि ९,००० नसतील. खोटे रिअ‍ॅक्टिव्ह ९० निघतील. एकूण १,०९० अहवालांपैकी सुमारे १,००० खरे असतील, म्हणजे दर शंभरांत ९२. संच तोच आणि शेराही तोच, तरी त्या शेऱ्याचा अर्थ पूर्णपणे बदलला. संख्याशास्त्रात याला सकारात्मक भाकीतमूल्य म्हणतात. चाचणीचे मोल तिच्या संचाबरोबरच ती कोणावर केली यावरही अवलंबून असते, एवढे लक्षात ठेवले तरी वाचकाचे काम भागेल.

कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या संदर्भात या गणिताला इतिहासाची एक बाजूही आहे. २००० च्या दशकाच्या प्रारंभी ही दोन्ही राज्ये देशातील सहा अतिबाधित राज्यांत गणली जात. आंध्र प्रदेश, तमिळनाडू, मणिपूर आणि नागालँड ही उरलेली चार. या वर्गवारीसाठी गरोदर महिलांतील संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असणे हा निकष होता. बेळगाव, बागलकोट, सांगली या सीमाभागातील जिल्ह्यांची नावे त्या काळात एड्सविषयक प्रत्येक चर्चेत येत. त्यानंतरच्या दोन दशकांत संसर्गाचे प्रमाण लक्षणीय घटले आहे. ही आनंदाची गोष्ट असली, तरी तिचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. समाजातील संसर्ग जसजसा कमी होतो, तसतसा रिअ‍ॅक्टिव्ह अहवालांमधील खोट्यांचा वाटा वाढतो. वीस वर्षांपूर्वी बेळगावच्या एखाद्या प्रसूतिगृहात पहिल्या चाचणीवर जेवढा विश्वास ठेवता येत होता, तेवढा आज ठेवता येत नाही. चाचण्या सुधारल्या आहेत, तरीही हे खरे आहे.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सर्व देशांना तीन सलग रिअ‍ॅक्टिव्ह चाचण्यांच्या पद्धतीकडे वळण्याची शिफारस केली. तोवर अधिक संसर्ग असलेल्या देशांत दोन चाचण्या पुरेशा मानल्या जात. भारतात लक्षणे नसलेल्या व्यक्तींसाठी तीन चाचण्यांचा नियम त्याआधीपासूनच होता. वरच्या उदाहरणातील १२० जणांना दुसरी, वेगळ्या घडणीची चाचणी दिली तर २० खरे आणि साधारण एक खोटा उरतो. भाकीतमूल्य ९५ टक्क्यांवर येते. तिसऱ्या चाचणीनंतर तो एकही गळून पडण्याची शक्यता दाट असते. दोन चाचण्यांवर थांबलो असतो, तर बाधित ठरलेल्या दर वीस-एकवीस जणांत एक जण विनाकारण आयुष्यभराचा रुग्ण झाला असता.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे. तिन्ही चाचण्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. एकाच प्रकारचे प्रतिजन वापरणारे तीन संच घेतले, तर जो घटक पहिल्या संचाला फसवतो तोच तिसऱ्यालाही फसवू शकतो. म्हणून तीन चाचण्या वेगवेगळ्या तत्त्वांच्या किंवा वेगवेगळ्या प्रतिजनांच्या असाव्यात, असा नियम आहे. पहिली सर्वाधिक संवेदनशील आणि पुढच्या दोन अधिक विशिष्ट, असा त्यांचा क्रम असतो. एकाच संचाने तीनदा तपासून ‘तीनदा पॉझिटिव्ह आले’ असे सांगणे म्हणजे एकाच साक्षीदाराची साक्ष तीनदा नोंदविण्यासारखे आहे.

रक्तात नेमके काय होते

बहुतेक प्राथमिक चाचण्या विषाणू थेट शोधत नाहीत. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे त्या शोधतात. संचातील पट्टीवर किंवा तबकडीवर विषाणूच्या प्रथिनांचे कृत्रिम तुकडे, म्हणजे प्रतिजन, चिकटवलेले असतात. रक्तातील प्रतिपिंड त्यावर येऊन बसले की रंग उमटतो. चौथ्या पिढीच्या चाचण्या प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही शोधतात. त्यामुळे संसर्ग लवकर कळतो, मात्र फसण्याची आणखी एक वाटही उघडते.

आपल्या शरीरात लक्षावधी प्रकारची प्रतिपिंडे फिरत असतात. त्यांतील एखादे, ज्याचा एचआयव्हीशी काहीही संबंध नाही, ते केवळ आकारातील साधर्म्यामुळे संचातील प्रतिजनाला चिकटू शकते. कुलूप एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, पण फिरते, असा हा प्रकार आहे. ल्युपससारखे स्वप्रतिकारक आजार, हिवताप व इतर काही परजीवी संसर्ग, अलीकडे घेतलेली लस किंवा नुकताच होऊन गेलेला विषाणुजन्य ताप ही अशा प्रतिक्रियेची नोंदलेली कारणे आहेत. गरोदरपणाचाही त्यांत उल्लेख होतो. तो का होतो, याचा एक भाग इतिहासात सापडतो.

एचआयव्हीसाठीच्या पहिल्या एलायझा चाचणीला अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मान्यता मिळाली. रक्तपेढ्यांतील रक्त सुरक्षित करणे हा तिचा हेतू होता. त्या काळच्या संचांसाठी विषाणू मानवी पेशींच्या वसाहतीत वाढविला जाई आणि मग त्याचे तुकडे करून वापरले जात. त्या तुकड्यांबरोबर मानवी पेशींवरील काही प्रथिनेही संचात येत. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या शरीरात किंवा वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णांत या मानवी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. विषाणूचा लवलेश नसताना त्यांचे नमुने रिअ‍ॅक्टिव्ह येत. पुढच्या पिढ्यांतील संचांत जनुकीय तंत्राने बनविलेले शुद्ध प्रतिजन आले आणि हा दोष बराच कमी झाला. मात्र गरोदर महिलांचा प्रश्न संपला नाही. त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण कमी आणि तपासणी जवळजवळ सर्वांची होत असल्यामुळे दहा हजारांचा वरचा हिशेब त्यांना तंतोतंत लागू पडतो.

लसीमुळे चाचणी फसल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलँड विद्यापीठ आणि सीएसएल कंपनीने कोविडची लस तयार करताना तिच्यातील प्रथिन स्थिर ठेवण्यासाठी एचआयव्हीच्या जीपी-४१ या प्रथिनाचा छोटा भाग ‘चिमट्या’सारखा वापरला. त्या तुकड्याने संसर्ग होणे शक्य नव्हते. पण लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि काहींच्या एचआयव्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह येऊ लागल्या. पुढील तपासणीत कोणालाही संसर्ग नसल्याची खात्री झाली. तरीही डिसेंबर २०२० मध्ये हा प्रकल्प गुंडाळण्यात आला आणि ऑस्ट्रेलिया सरकारने ५ कोटी १० लाख मात्रांची मागणी रद्द केली. लस सुरक्षित होती, मात्र देशभरातील एचआयव्ही तपासणीवरचा विश्वास डळमळला असता, हे त्यामागचे कारण होते.

एचआयव्ही प्रतिबंधक लसींच्या चाचण्यांत तर हे अपेक्षितच असते. भारतात अशी पहिली चाचणी २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत (नारी) सुरू झाली. अशा प्रयोगांतील स्वयंसेवकांची प्रतिपिंड चाचणी केवळ लसीमुळे रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. संसर्गाची खात्री करण्यासाठी त्यांच्या बाबतीत विषाणूच्या जनुकीय घटकाचा शोध घ्यावा लागतो.

नवजात बालकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. बाधित आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. या वयात प्रतिपिंड चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली, तर ती आईबद्दलचे सत्य सांगते, बाळाबद्दल काहीच ठरवीत नाही. म्हणून बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर सहाव्या आठवड्यापासून जनुकीय चाचणी केली जाते. ग्रामीण भागात आजही काही घरांत ‘बाळालाही आहे’ असे गृहीत धरले जाते. ते मूल दीड वर्षाचे होऊन चाचणी स्वच्छ येईपर्यंत त्याच्याकडे पाहण्याची नजर बदललेली असते.

याशिवाय अगदी साध्या, मानवी चुकाही असतात. नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल, नोंदवहीत एका ओळीने चुकलेला शेरा, मुदत संपलेला किंवा उन्हात राहिलेला संच ही त्यांतली काही. जलद चाचणीची पट्टी ठरावीक मिनिटांतच वाचायची असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती तासाभराने वाचली, तर सुकताना उमटलेली फिकट रेघही प्रतिक्रिया भासू शकते. नियमानुसार दिलेल्या वेळेत दिसलेली फिकट रेघही रिअ‍ॅक्टिव्हच धरायची असते. नंतर उमटलेली रेघ धरायची नसते. चुकांच्या या प्रकारावर संख्याशास्त्राचे कोणतेही सूत्र लागू पडत नाही. नव्याने नमुना घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

तीन चाचण्यांनंतरही संभ्रम राहिला तर

नॅकोच्या पद्धतीत पहिली चाचणी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली की अहवाल निगेटिव्ह दिला जातो. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर दुसरी आणि तिसरी केली जाते. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच अहवाल पॉझिटिव्ह. पहिली रिअ‍ॅक्टिव्ह आणि पुढच्या दोन्ही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह असतील, तर निगेटिव्ह. पहिलीबरोबर पुढच्या दोहोंपैकी एकच रिअ‍ॅक्टिव्ह आली, तर नमुना ‘अनिश्चित’ ठरतो आणि दोन ते चार आठवड्यांनी नवा नमुना घेतला जातो. एवढ्या अवधीत खऱ्या संसर्गातील प्रतिपिंडे वाढतात आणि चित्र स्पष्ट होते. खोटी प्रतिक्रिया बहुधा आहे तशीच राहते किंवा ओसरते. एड्सची लक्षणे असलेल्या रुग्णाच्या बाबतीत दोन चाचण्या पुरेशा धरल्या जातात, कारण तेथे संसर्गाची शक्यता मुळातच अधिक असते.

पुन्हा तपासूनही नमुना अनिश्चितच राहिला, तर तो राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. बेंगळुरूत हे काम राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्थेचा (निम्हान्स) मज्जाविषाणुशास्त्र विभाग करतो. मनोरुग्णांचे आणि मेंदूच्या विकारांचे रुग्णालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत एचआयव्हीची संदर्भ प्रयोगशाळा आहे, हे अनेक बेंगळुरूकरांनाही ठाऊक नसते. देशातील या साखळीच्या शिरोभागी पुण्याची नारी ही संस्था आहे. तिचे नाव आता बदलले असले, तरी भोसरीतील लोकांच्या तोंडी अजून ‘नारी’च आहे. संदर्भ प्रयोगशाळा आपल्या अखत्यारीतील केंद्रांना ज्ञात निष्कर्षाचे नमुने पाठवून त्यांच्या कामाची परीक्षाही घेतात.

पूर्वी अंतिम खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट ही चाचणी प्रमाण मानली जाई. एका पट्टीवर विषाणूची प्रथिने वेगवेगळी मांडून कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, हे तिच्यातून दिसते. एचआयव्ही भारतात प्रथम सापडला तोही अशाच दुहेरी खात्रीनंतर. १९८६ मध्ये चेन्नईतील डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी जमविलेल्या नमुन्यांची वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात एलायझा तपासणी झाली. सहा नमुने रिअ‍ॅक्टिव्ह आले. अमेरिकेतील वेस्टर्न ब्लॉटने खात्री केल्यावरच ते निदान पक्के मानले गेले. आता या चाचणीचे दिवस सरत आले आहेत. ती महाग आहे, तिचे वाचन अवघड आहे आणि सुरुवातीच्या संसर्गात ती मागे पडते. अमेरिकेने २०१४ मध्ये नव्या पद्धतीतून तिला वगळले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तिच्याऐवजी जलद चाचण्या व एलायझा वापरण्याची शिफारस केली.

भारतात आणखी एक गुंता एचआयव्ही-२ चा आहे. हा दुसरा प्रकार मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतील असला, तरी भारतातही आढळतो. दोन्ही प्रकारांची प्रथिने सारखी असल्याने एचआयव्ही-१ ची प्रतिपिंडे कधीकधी एचआयव्ही-२ च्या रेघेलाही चिकटतात आणि दोन्ही संसर्ग असल्याचा भास होतो. येथे संसर्ग खरा असतो, पण त्याचा प्रकार चुकू शकतो. औषधयोजना प्रकारावर अवलंबून असल्याने अशा नमुन्यांचीही संदर्भ प्रयोगशाळेत खात्री केली जाते.

चुकीचे निदान आता अधिक काळ लपून राहू शकते

२०१७ पासून भारतात ‘तपासा आणि उपचार करा’ हे धोरण लागू आहे. निदान झाले की प्रतिकारशक्ती किती घटली आहे याची वाट न पाहता औषधे सुरू होतात. बाधितांसाठी हा निर्णय वरदान ठरला. औषधे लवकर सुरू झाली की माणूस सामान्य आयुष्य जगतो आणि विषाणूचे प्रमाण दबल्यावर जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. मात्र जुन्या पद्धतीत एक नकळत ठेवलेला पहारेकरी होता. तेव्हा निदान झालेल्यांच्या सीडी-४ पेशी मोजून ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषधे सुरू होत. चुकीने बाधित ठरलेल्या माणसाच्या पेशी वर्षानुवर्षे उत्तम राहत आणि कधी ना कधी एखाद्या डॉक्टरला शंका येई.

आता तसे होण्याची शक्यता कमी झाली आहे. औषधे सुरू झाल्यावर विषाणूचे प्रमाण मोजले जाते. ते ‘आढळत नाही’ असे आले की उपचार यशस्वी झाले, असे मानले जाते. ज्याला विषाणूच नाही, त्याचाही अहवाल हेच सांगणार. रुग्ण नियमित औषध घेतो, अहवाल उत्तम येतात, समुपदेशक त्याचे कौतुक करतात आणि चूक कायमची झाकली जाते. उलट औषधे सुरू असलेल्या खऱ्या बाधिताची प्रतिपिंड चाचणी काही वेळा क्षीण किंवा नॉन-रिअ‍ॅक्टिव्हही येऊ शकते. त्यामुळे नंतर केलेल्या चाचणीवरून मागे वळून निवाडा करणेही सोपे राहत नाही. याच कारणाने औषधे सुरू करण्यापूर्वी नव्या नमुन्यावर, शक्यतो वेगळ्या तंत्रज्ञाकडून, संपूर्ण तपासणी पुन्हा करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यवस्थेत सुधारणेला सर्वाधिक वाव असेल, तर तो याच टप्प्यावर आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. एका आयुष्याचा प्रश्न असताना आणखी एका नळीभर रक्ताचा खर्च फार नाही.

खासगी प्रयोगशाळा आणि मोबाइलवरचा अहवाल

बेंगळुरूसारख्या महानगरात बहुसंख्य लोकांची पहिली एचआयव्ही चाचणी एखाद्या शस्त्रक्रियेआधी, प्रसूतीपूर्व तपासणीत किंवा आरोग्य तपासणीच्या एकत्रित पॅकेजमध्ये होते. स्वयंचलित यंत्र रक्तातील प्रतिक्रियेचे मोजमाप करून एक आकडा देते. ठरविलेल्या मर्यादेपेक्षा तो थोडाही वर गेला की ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द छापला जातो. मर्यादा एक धरली, तर १.३ आणि ३०० या दोन्ही आकड्यांपुढे शेरा एकच असतो. मर्यादेला चिकटून असलेले आकडे पुढील तपासणीत अधिक वेळा खोटे ठरतात. खूप मोठे आकडे बहुधा खरे असतात. तथापि, अगदी ताज्या संसर्गातही आकडा लहान असू शकतो. त्यामुळे आकड्यावरून स्वतःच निष्कर्ष काढणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. त्यानुसार चाचणीपूर्वी व्यक्तीला माहिती देऊन तिची संमती घेणे आवश्यक आहे. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन व्हायला हवे. निष्कर्षाची गोपनीयता राखण्याचे बंधन आहे. नोकरीसाठी किंवा उपचारासाठी पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी मागता येत नाही. कायद्यात राज्यपातळीवर तक्रारनिवारणासाठी लोकपालाचीही तरतूद आहे. संमतीच्या छापील अर्जावर इतर दहा सह्यांबरोबर एक सही घेणे आणि अहवाल थेट मोबाइलवर पाठविणे, यात कायद्याचा शब्द कदाचित पाळला जात असेल, त्याचा हेतू मात्र नक्कीच पाळला जात नाही.

रक्तदात्यांच्या बाबतीत नियम मुद्दामच कठोर आहे. तेथे एकच चाचणी केली जाते आणि ती रिअ‍ॅक्टिव्ह आली की रक्ताची पिशवी नष्ट केली जाते. रक्त घेणाऱ्याची सुरक्षितता हा तेथील हेतू असल्याने दहा चांगल्या पिशव्या गेल्या तरी चालतील, एक बाधित पिशवी जाता कामा नये. दात्याचे निदान करणे हे रक्तपेढीचे काम नाही. तिने दात्याला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राकडे पाठवायचे असते. रक्तपेढीतून दूरध्वनी आला म्हणजे निदान झाले, असे समजून अनेक दाते केंद्रात जातच नाहीत. भीतीपोटी न गेलेल्यांत काही जण खरे बाधित असतात आणि त्यांचे उपचार लांबतात. उरलेले अनेक जण नसलेल्या आजाराचे ओझे मनात घेऊन राहतात.

असा अहवाल हाती आलेल्या व्यक्तीने सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तेथे तिन्ही चाचण्या मोफत होतात आणि निष्कर्ष गोपनीय राहतो. बेंगळुरूत व्हिक्टोरिया, बोरिंग यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे. महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत ती उपलब्ध आहे. जाताना आधीचा अहवाल, सुरू असलेली औषधे, अलीकडे घेतलेल्या लसी, नुकताच येऊन गेलेला ताप आणि गरोदरपण यांची माहिती सोबत असावी. संसर्गाची शक्यता असलेला प्रसंग अलीकडेच घडला असेल, तर तेही समुपदेशकाला सांगावे. संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. जलद प्रतिपिंड चाचणीत हा अवधी ९० दिवसांपर्यंत असू शकतो. त्या काळात आलेला निगेटिव्ह अहवालही अंतिम नसतो. अंतिम निष्कर्ष येईपर्यंत रक्तदान टाळावे आणि लैंगिक संबंधांत निरोधचा वापर करावा. पहिला अहवाल खोटा निघण्याची शक्यता मोठी असली, तरी तो खरा असू शकतो, हे विसरून चालणार नाही. नॅकोची १०९७ ही मोफत दूरध्वनी सेवा प्रादेशिक भाषांतूनही माहिती देते.